झोप लागत नाही की टिकत नाही, हे आधी विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत झोपेवर अर्धं पान आलं होतं, रात्री कोमट दूध घ्या, मोबाईल लांब ठेवा, जेवण लवकर उरका, तळपायाला तेल चोळा वगैरे. त्यात चूक असं काही नव्हतं. पण सोमवारी सकाळी शटर वर करते न करते तोच एक काकू ते कात्रण घडी घालून पाकिटातनं काढत म्हणाल्या, ताई ह्यातलं सगळं करून झालंय बघा माझं, आता ती बारकी गोळीच द्या. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी तासगावात २२ वर्षं मेडिकल चालवते. डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, त्यामुळे कुणाला काय झालंय ते सांगायचा मला अधिकार नाही आणि मी सांगतही नाही, पण कोण काय विकत नेतं ते मला दिसतं. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन म्हणून एक यादी लागू आहे, तिच्यातली औषधं दिली की वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. अल्प्राझोलम, झोल्पिडेम ह्या झोपेच्या गोळ्या त्याच यादीत येतात. तर हे रजिस्टर मी रोज रात्री भरते आणि भरता भरता माझ्या लक्षात आलं की अँटिबायोटिक वगळली तर महिन्याच्या महिन्याला तीच नावं परत येतायत, त्यातली जास्त करून बायकांची, आणि चिठ्ठीवर वय बघाल तर ४५, ४८, ५२, ५४ असंच. पुरुषांची नावं नसतात असं नाही, पण ती येतात आणि जातात. बायकांची येतात आणि मुक्कामाला राहतात.

आता ह्या बायका तक्रार काय सांगतात ते ऐका. झोपच येत नाही असं फार कमी जणी म्हणतात. दिवसभर द्राक्षबागेत फेलकाढणीला (जादा फुटी काढायला) नाहीतर बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसून आलेल्या बाईला रात्री दहाला पाठ टेकली की झोप लागतेच. तिचं म्हणणं असतं की दोन-अडीचला खटकन डोळे उघडतात आणि मग पहाटेपर्यंत आढं बघत पडायचं. कुणी म्हणतं अंगातनं वाफा निघतात, कुणी म्हणतं कानशिलं तापतात, कुणी म्हणतं छातीत एकदम धडधडतं आणि वाटतं काहीतरी वाईट झालंय, पोरं नीट आहेत का बघून यावं. झोप लागत नाही आणि झोप टिकत नाही ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण चिठ्ठीवर दोन्हीला गोळी एकच.

मला हे उमगायला स्वतःवर पाळी यावी लागली (की जावी लागली म्हणू). ४९ चालू होतं, पाळी कधी २० दिवसांनी तर कधी ३ महिन्यांनी, आणि रात्री तेच, पावणेतीन. आधी जाग यायची, अर्ध्या मिनिटाने मानेच्या मागून गरम लाट वर चढायची, गाऊन भिजायचा, आणि पाच मिनिटात घाम वाळून मी थंडीने कुडकुडत पांघरूण शोधायचे. मी पंखा पाचवर करायचे, मिस्टर झोपेत उठून एकवर करायचे, डिसेंबरात आमच्याकडे ह्या पंख्यावरून इतकी भांडणं झाली की शेवटी मी हॉलमध्ये गादी टाकली आणि शेजारणीला वाटलं आमचं काहीतरी बिनसलंय. ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, वय आहे मॅडम, मन रमवा, भजनाला जा. आणि खाली अल्प्राझोलम. फार्मसिस्ट असून मी ती २ महिने घेतली, लपवत नाही.

मग पुस्तकं काढली. कॉलेजात हे एका परिच्छेदात उरकलेलं होतं, परीक्षेत कधी आलं नाही म्हणून वाचलंही नव्हतं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात, भारतात ते सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं आणि पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पण खरा गोंधळ त्याच्या आधीची काही वर्षं असतो, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन सरळ उतरत नाही, वर-खाली उड्या मारत उतरतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग आहे तिथे शरीराचं तापमान सांभाळायची जागा आहे, आपल्या गिझरला असतो ना तसला थर्मोस्टॅट. एरवी अंग जरासं गरम-गार झालं तर तो चालवून घेतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी, ज्यांना इस्ट्रोजेन एरवी आवरून धरत असतं, त्या मोकाट सुटतात, आणि थर्मोस्टॅट इतका हळवा होतो की अंग कणभर तापलं तरी त्याला वाटतं आग लागली, मग तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतो, घाम सोडतो, नाडी वाढवतो. सगळा खेळ १ ते ५ मिनिटांचा, पण तेवढ्यात जाग पक्की झालेली असते. ह्याच चेतापेशींचा निरोप मध्येच अडवणारं फेझोलिनेटंट नावाचं हार्मोन नसलेलं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालंय, म्हणजे हे काही बायकांच्या मनाचे खेळ नाहीत, औषध कंपन्या मनाच्या खेळावर एवढा पैसा घालत नाहीत.

दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन. शरीरात ते मोडून एक पदार्थ तयार होतो, तो मेंदूतल्या ज्या रिसेप्टरवर (चेतापेशीची निरोप घेणारी जागा) जाऊन शांत करतो, त्याच रिसेप्टरवर ह्या अल्प्राझोलम जातीच्या गोळ्या काम करतात. म्हणजे बघा, आतून मिळणारी गुंगी कमी झाली म्हणून बाहेरची विकत घेतो आपण. हे वाचलं तेव्हा मला माझंच हसू आलं.

आणि हे सगळं सहा महिन्यात संपतं असा जो समज आहे तो सोडून द्या. अमेरिकेत १९९६ च्या सुमारास स्वान नावाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, तीन हजारांवर बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यातून २०१५ साली जे छापून आलं त्यात वारंवार गरम वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना तो त्रास ७.४ वर्षांपेक्षा जास्त टिकला असं निघालं. सात वर्षं! सात वर्षं कुणी बाई रात्री तीनला उठत असेल तर तिला भजनाला जा म्हणणं म्हणजे... जाऊ द्या.

पण सगळीच जाग वाफेने येत नाही, आणि माझा मुद्दा खरा इथेच आहे. आता मी गोळी मागायला आलेल्या बाईला, गर्दी नसेल तर, बाजूला घेऊन एवढंच विचारते की काकू, जाग येते तेव्हा अंग भिजलेलं असतं का, लघवीला जायचं असतं का, मालक म्हणतात का तुम्ही घोरता म्हणून, आणि झोपताना पायात मुंग्या येऊन पाय सारखे हलवावेसे वाटतात का. चार प्रश्न, दोन मिनिटं लागतात. लघवीला सारखं उठावं लागतं म्हणाल्या तर ते इस्ट्रोजेन कमी होऊन तिथली कातडी पातळ आणि कोरडी होण्याने असू शकतं, नाहीतर चक्क शुगर निघते. पायांच्या तक्रारीमागे कितीतरी वेळा लोह कमी असतं, पाळी जायच्या आधीच्या वर्षांत अंगावरून इतकं जातं की हिमोग्लोबिन तळाला जातं आणि कुणी तपासलेलंच नसतं. धडधड, घाम, झोपमोड हे थायरॉईड वाढल्यावरही हुबेहूब असंच होतं. मी फक्त म्हणते, डॉक्टरांना हे असंच्या असं सांगा आणि रक्त तपासायचं का ते विचारा.

घोरण्याचं जरा जास्त लिहिते कारण ते कुणी बोलत नाही. पुरुष घोरला तर घरादारात विनोद होतो, बाई घोरली तर ती लाजेने मेल्याहून मेली होते. एक वैनी तर म्हणाल्या मी लेकीच्या सासरी मुक्कामालाच राहत नाही, रात्री आवाज होतो म्हणून. प्रोजेस्टेरॉन श्वासालाही चालना देत असतं, ते गेलं, वजन पोटाकडे सरकलं की झोपेत घसा बंद होऊन श्वास अडकायचा आजार, स्लीप ॲप्निया, मेनोपॉजनंतर बायकांत दुप्पट-तिप्पट होतो. आणि बायकांत तो पुरुषांसारखा ढाराढूर घोरूनच दिसेल असं नाही, सकाळी डोकं जड, दिवसभर गळल्यासारखं, चिडचिड, एवढंच दिसतं आणि सगळे म्हणतात टेन्शन घेते. आता असल्या बाईला झोपेची गोळी दिली तर काय होईल? घशाचे स्नायू आणखी ढिले पडतात, अडकलेल्या श्वासाने जी जाग यायची, जी तिला वाचवत होती, तीच दाबली जाते. मी हे वाचल्यापासून घोरणाऱ्या काकूंच्या चिठ्ठीवर ती गोळी दिसली की डॉक्टरांना फोन करून विचारते. काही डॉक्टरांना आवडत नाही. चालतंय.

शिवाय इस्ट्रोजेन गेल्यावर हाडं वेगाने पोकळ होतात हे सगळ्यांना माहीत आहे, कॅल्शियमच्या जाहिरातीतनं का होईना. तर गुंगीची गोळी, रात्री दोनदा लघवीला उठणं, ओलं बाथरूम, आणि पोकळ हाडं हे सगळं एका घरात एका रात्री एकत्र आलं की काय होतं ते आमच्या गल्लीत दोन घरी बघून झालंय. खुब्याचं ऑपरेशन, वॉकर. फायलीत कारण लिहिलं जातं पाय घसरून पडल्या.

पिशवी काढलेल्या बायकांचं तर कुणी बोलतच नाही. दिवाळीनंतर आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडच्या पुष्कळ. त्यातल्या बायका दुकानात येतात, वय विचारलं की पस्तीस-छत्तीस सांगतात आणि तक्रार माझ्या ५२ वर्षांच्या गिऱ्हाइकाची. २०१९ मध्ये बीडच्या ह्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा तुमच्याही पेपरात रकानेच्या रकाने आले होते. पण पिशवीबरोबर अंडाशय पण काढली असतील तर त्या बाईचं इस्ट्रोजेन ४ वर्षात उतरायच्या ऐवजी एका दिवसात जातं, आणि अंडाशय ठेवली असतील तरी ती बऱ्याचदा लवकर थकतात, हे तिला ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. ती आधीच पहाटे तीनला उठून कोयता घेऊन फडात जाते, उसाच्या पाचटाच्या खोपीत रात्री घामाने भिजून उठते, आणि मला म्हणते, ताई अंगात कडकी आहे, त्याचं औषध द्या. तिच्याकडे ऑपरेशनचा कागद पण नसतो बघायला की काय काढलंय आणि काय ठेवलंय. निदान एवढं तरी करता येईल की नाही, की पिशवी काढली की कार्डावर मराठीत एक ओळ लिहून द्यायची, अंडाशय ठेवली की काढली?

आता उपाय काय म्हणाल. हार्मोनच्या औषधाचं नाव काढलं की काउंटरपलीकडची बाई दोन पावलं मागे सरकते, कॅन्सर होतो ना त्यानं? ही भीती बरीचशी जुलै २००२ ची आहे. अमेरिकेतली एक मोठी चाचणी तेव्हा मध्येच थांबवली, बातमी जगभर गेली, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं हे बातमीत कुणी वाचलं नाही. नंतर आकडे वयानुसार सोडवून बघितल्यावर चित्र बदललं, आता मेनोपॉजच्या तज्ज्ञ संस्था सांगतात की ६० च्या आतल्या, पाळी जाऊन १० वर्षं न झालेल्या, आणि दुसरं काही आडवं येत नसलेल्या बाईला वाफा आणि रात्रीच्या घामासाठी ह्याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही आणि तिच्यासाठी फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्तच असतो. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला, पायात-फुप्फुसात गुठळी झालेली, पक्षाघात, लिव्हरचा आजार, किंवा कारण न कळलेलं रक्त जाणं असेल तर नाही, ते डॉक्टरच ठरवणार. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, आणि त्याची जी मायक्रोनाइज्ड (बारीक कण केलेली) कॅप्सूल आहे ती रात्री झोपताना घ्यायला सांगतात कारण तिने पेंग येते. गंमत म्हणजे ती कॅप्सूल माझ्याकडे ढिगाने खपते, पण सगळी गरोदर पोरींच्या चिठ्ठीवर. आईच्या वयाच्या बाईच्या चिठ्ठीवर मी वर्षाकाठी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच बघते. हार्मोन नको असतील त्यांना कमी डोसची काही डिप्रेशनची औषधं किंवा गॅबापेंटिन पण डॉक्टर देऊ शकतात, गॅबापेंटिनचीही गुंगी असते, उठताना सांभाळावं लागतं.

सोयाच्या आणि जडीबुटीच्या मेनोपॉज स्पेशल डब्या आहेत, डबीवर हसरी बाई. माझं मार्जिन त्यातच सगळ्यात जास्त आहे, तरी सांगते, उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज संस्थेने २०२३ साली हार्मोन नसलेल्या उपायांचं जे निवेदन काढलं त्यात वाफांसाठी सोया आणि असल्या सप्लिमेंटची शिफारस केलेली नाही. दुकान माझं आहे, मी काय ठेवायचं ते मीच ठरवणार, डबी मागणाऱ्याला देते, पण विचारलं तर खरं सांगते.

आणि ज्याला एक रुपयाचं औषध लागत नाही ते तर कुणालाच माहीत नाही. निद्रानाशाला आधी गोळी नाही, आधी झोपेचं वर्तन-प्रशिक्षण, ज्याला सीबीटी-आय म्हणतात, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. ऐकायला विचित्र वाटतं कारण त्यात झोप कमी करायला सांगतात. पाच तासच झोपता ना, मग आठ तास अंथरुणात लोळायचं नाही, साडेअकराला आडवं व्हायचं, पाचला उठायचं म्हणजे उठायचंच, दुपारची डुलकी बंद, आणि रात्री जाग येऊन पंधरा-वीस मिनिटं झाली की उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे मिटायला लागल्यावरच परत यायचं. अंथरूण म्हणजे जागरण ही जी मेंदूला सवय लागलेली असते ती मोडायची. हळूहळू झोप सलग झाली की वेळ वाढवत न्यायचा. त्याच २०१६ मध्ये वाफांचा त्रास असलेल्या १०६ बायकांवर हे नुसत्या फोनवरून करून बघितलं, ८ आठवड्यात ६ फोन, आणि झोपेत चांगलाच फरक पडला. फोनवरून! वाफा तेवढ्याच राहिल्या पण झोप सुधारली. मी स्वतः हे केलं, पहिले दहा दिवस इतके वाईट गेले की दुकानात उभ्या उभ्या पेंगले आणि एकाला अँटासिडच्या जागी खोकल्याचं औषध काढून दिलं (त्यांनी लगेच परत आणलं म्हणून बरं), पण तिसऱ्या आठवड्यापासून पावणेतीनची जाग सव्वाचारला गेली आणि मग कधी कधी येतच नाही. बाकीचं माझ्या गायनॅकनी बघितलं, ते माझं मी.

म्हणून तुमच्यामार्फत एवढंच मागणं आहे. केंद्राची टेली-मानस म्हणून १४४१६ ही हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मराठीत बोलतात. तिच्यावर ही सहा फोनवाली झोपेची शिकवणी मराठीत बसवता येईल का, हे कुणीतरी आरोग्य खात्याला विचारा. आणि आमच्या आशाताईंच्या वहीत गरोदर बाई आहे, बाळ आहे, डोस आहे, पण पंचेचाळिशीच्या बाईच्या झोपेचं काही नाही, वास्तविक आमच्याकडच्या बऱ्याच आशाताई स्वतःच त्या वयाच्या आहेत आणि त्याच माझ्याकडे गोळी मागायला येतात. त्यांच्या वहीत माझे ते चार प्रश्न एका ओळीत घाला. बाकी दूध-हळद, पायाला तेल छापायला हरकत नाही, पण त्याच्या शेजारी हे पण छापा.

जागेअभावी पत्र कापावं लागलं तर ऊसतोडीचं कापू नका, माझ्या पंख्याचं खुशाल कापा. आणि एक वाक्य काही झालं तरी ठेवा, ते हे, की ज्या बायका महिनोन्महिने झोपेची गोळी घेतायत त्यांनी हे पत्र वाचून उद्यापासून ती एकदम बंद करू नये, एकदम सोडली तर झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, झटके पण येऊ शकतात, ती डॉक्टरांना विचारून पाव-पाव करत आठवड्यांच्या हिशोबाने उतरवायची असते. हे वाक्य शक्य झालं तर ठळक टाईपात घ्या, कारण कात्रण घेऊन त्या माझ्याकडेच येणार आहेत.

आपली नम्र,
एक फार्मसिस्ट, तासगाव, जि. सांगली